कोंबडीचं कौल आणि नदीकाठचा दगड

या गोष्टीतला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, पैज. नाहीच मानणार तुम्ही. दगड बोलतो म्हटलं तर कोण मानेल? आणि कोंबडी लिहिते म्हटलं तर? बसा गुमान. हसायचं असेल तर शेवटी हसा.

एका गावात एक दगड होता. गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर, पण पाण्यापासून चांगला तीस पावलं वर. माणसाहून उंच, काळाकुळकुळीत. त्याच्यावर कसलीतरी अक्षरं तीन ओळींत कोरलेली, आणि अक्षरांच्या खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक आडवी खोल रेघ.

कुणी कोरलं, कधी कोरलं, कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी कोरलं ती माणसं गेली, त्यांची गुरं गेली, नावं गेली, भाषाही गेली. ती भाषा बोलणारं शेवटचं माणूस कधी मेलं, आणि त्याला रडायला आलेले लोक कुठल्या भाषेत रडले, हेही सांगणारं कुणी उरलं नव्हतं. दगड तेवढा उभा.

त्या मुलखात एक राजा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जिथं तिथं आपल्या घराण्याचं नाव लिहिलेलं आवडायचं. त्याच्या मनात आलं, की नदीकाठी मोठं कोठार बांधावं आणि सात गावांचं धान्य त्यात ठेवावं. होड्यांनी आणणं सोपं, नेणं सोपं. पण गावकरी म्हणायचे, त्या दगडाच्या खाली आमच्यात कुणी काही बांधत नाही. का, ते त्यांनाही सांगता येईना. मग राजानं आपल्या शास्त्र्याला बोलावलं.

हा शास्त्री मेलेल्या भाषा वाचायचा. सतरा दगड वाचले होते त्यानं. त्या सतरांच्या नकला आणि अर्थ लिहिलेलं एक पोथ्यांचं गाठोडं होतं, ते उशाशी घेऊन झोपायचा. तीस वर्षांची मेहनत होती ती. आता आतली गोष्ट सांगायची तर सतरांतले तीन दगड त्याला खरोखर लागले होते. बाकी चौदा त्यानं असेच, अंदाजानं. लबाड नव्हता हो, त्याला वाटायचंच तसं. आणि चूक काढणार कोण? मेलेला माणूस उठून थोडाच येतोय, मी असं नव्हतो म्हणालो म्हणून सांगायला?

राजा त्याला म्हणाला, की त्या दगडावर आमच्या पणजोबांचं नाव निघालं तर बरं होईल. निघालं तर तुम्हाला पालखी. आणि आठ दिवसांत सांगा.

आता पालखी म्हटल्यावर शास्त्रीबुवांना पणजोबा वाटेतच दिसायला लागले. गावात पोचेपर्यंत अर्धा अर्थ तयार झाला होता. दगडाचं तोंड अजून बघायचं होतं, एवढंच.

पण दगड बघितला आणि बुवा चक्रावले. असली अक्षरं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. चार दिवस उन्हात बसून त्यांनी मोजलं, उतरवलं, बोटं फिरवली. ओळी तीन, शब्द सात. दुसरा आणि तिसरा शब्द अगदी सारखे. पाचवा आणि सहावा सारखे. याच्यापुढं गाडी हलेना.

त्या गावात कुंभाराच्या घरची एक म्हातारी होती. तोंडात दात दोन, पण जिभेला धार चाळीस दातांची. ती रोज येता-जाता विचारायची, "काय शास्त्रीबुवा, बोलला का दगड?" पाचव्या दिवशी ती पदराखाली एक भाजलेलं कौल घेऊन आली. म्हणाली, परड्यात खणताना सापडलं बाबा, त्याच्यावरही काहीबाही लिहिलंय, बघा तुमच्या उपयोगाचं आहे का.

बुवांनी कौल हातात घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले. वळणदार तीन-तीन फाट्यांची अक्षरं, ओळीनं गेलेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते वाचलंसुद्धा. पारावर सगळं गाव जमलं, तेव्हा त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की ही दगडावरच्या लिपीची थोरली बहीण आहे. इथं लिहिलंय, राजाचा विजय असो, त्यानं बारा गाई दान दिल्या. आणि हे अक्षर बघा, याचा एक फाटा तुटका आहे. हे राजाचं चिन्ह.

म्हातारीनं पूर्ण ऐकून घेतलं. मान डोलावली. मग उठून घरात गेली, एक कोंबडी काखेत घालून आणली आणि एक ओलं कौल मधोमध ठेवलं. कोंबडीला त्याच्यावर सोडली. कोंबडी या टोकाकडून त्या टोकाकडं चालत गेली. तिच्या उजव्या पायाचं एक बोट तुटकं होतं.

"घ्या," म्हातारी म्हणाली, "अजून एक राजा लिहिला तिनं. गाई किती दिल्या तेवढं मोजून सांगा."

पार हसून हसून लोळला. गुरं राखणाऱ्यापासून पाटलापर्यंत सगळे हसले. कोंबडीसुद्धा कॉक करून गेली.

शास्त्री त्या दिवशी जेवला नाही. हसं झालं याचं त्याला एवढं वाटलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. कोंबडीच्या पायात त्याला राजा दिसला होता, आणि दिसताना तो अगदी खरा दिसला होता. तीन खरे दगड वाचताना जसं वाटलं होतं, नेमकं तसंच. मग बाकीच्या चौदांत काय होतं?

सकाळी म्हातारी भाकरी घेऊन आली. रागावलात का, म्हणून विचारलं. शास्त्री एवढंच म्हणाला, "आजी, चौदा दगड गं."

तेव्हा म्हातारी थट्टा विसरली. शेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या माझी नातसून येतेय घरात. थांबा लग्नाला. डोळे उघडे ठेवा आणि तोंड बंद. तुम्ही नेहमी उलटं करता."

आता त्या गावात एक रीत होती. नवी नवरी उंबरा ओलांडायच्या आधी तिला त्या दगडापाशी न्यायचं. तिथं जमिनीवर एका रांगेत मांडून ठेवायचं: दागिन्यांची पेटी, नवं लुगडं, आरसा, तांब्याचा हंडा, बियाण्याची पिशवी आणि निखाऱ्यांचं मडकं. नवरीनं पायाचा अंगठा दगडावरच्या रेघेला लावायचा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं त्या रेघेवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ओरडायचं:

"उरमे तोका, तोका दाहिल, नेबरू नेबरू सान!"

ते ऐकलं की नवरीनं उचलायचं आणि टेकडीवर पळत सुटायचं. मागं वळून बघायचं नाही. पण उचलायचं काय? बियाणं आणि निखारे, बस्स. पोरगी पेटीला शिवली की बायका तिला हसून बेजार करायच्या आणि परत पाठवायच्या, "परत ये, पहिल्यापासून!" नवरदेवानं मागून वासरू ओढत यायचं. तो बहुतेक आपटायचा.

म्हातारीची नातसून बिचारी परगावची. पहिल्या खेपेला तिनं पेटी उचलली. दुसऱ्या खेपेला निखारे घेतले पण मागं वळून बघितलं. तिसऱ्या खेपेला मात्र अशी सुटली, की शालूचा काष्टा मारून थेट टेकडीच्या माथ्यावर. पोरं शिट्ट्या मारत होती, बायका खोकेपर्यंत हसत होत्या. पाटलीणबाई तर हसता हसता खाली बसल्या.

शास्त्री हसला नाही. त्यानं म्हातारीला विचारलं, की हे का करता? ती म्हणाली, आमच्यात करतात. त्यानं विचारलं, त्या शब्दांचा अर्थ काय?

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं कुणी विचारावं की भुकेचा अर्थ काय. "अर्थ? हे ऐकलं की पळायचं. अजून काय असतो अर्थ?"

शास्त्री दगडाकडं वळला. ओठांत तो ते शब्द पुटपुटत होता. उरमे. तोका. तोका. आणि त्याची जीभ अडकली. दुसरा आणि तिसरा सारखा. दाहिल. नेबरू. नेबरू. पाचवा आणि सहावा सारखा. सान. सात.

त्यानं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बोट सरकवत सरकवत दगड मोठ्यानं वाचला. कुणास ठाऊक किती शतकांनी कुणीतरी तो दगड बघून वाचत होतं. त्याच्या तोंडून मेलेल्या माणसाचा आवाज निघत होता, आणि एकाही शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. त्याला वाचता येत होतं पण कळत नव्हतं. टेकडीवर धापा टाकत बसलेल्या त्या पोरीला वाचता येत नव्हतं, पण कळलं होतं.

रेघेवरून पाणी अजून ठिबकत होतं. शास्त्री ते बघत राहिला. मग खाली नदीकडं बघितलं. ती तीस पावलं खाली, गरीब गाईसारखी पडलेली. आणि मग गाठोडं उचलून तो दरबाराच्या वाटेला लागला.

आठव्या दिवशी तो दरबारात उभा राहिला. पालखी दाराशी तयार होती. भोईसुद्धा आले होते.

राजानं विचारलं, "वाचला?"

"वाचला महाराज."

"मग? आमचे पणजोबा आहेत?"

"नाहीत. पाणी या रेघेला लागलं तर बियाणं घ्या, विस्तव घ्या आणि टेकडीवर जा, असं सांगितलंय. मागं वळू नका. रेघेखाली काही बांधू नका."

राजाचा चेहरा पडला. तो म्हणाला, यातला पाणी कुठला शब्द? शास्त्री म्हणाला, ठाऊक नाही. टेकडी कुठला? ठाऊक नाही. विस्तव? तेही नाही. सात शब्दांत एकही नाही कळला. दरबारी तोंड दाबून हसायला लागले.

"मग हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"गावातल्या सुनांच्या पायांनी," शास्त्री म्हणाला. "आणि महाराज, आणखी एक. याआधीचे माझे चौदा अर्थ रद्द समजावेत. ते कोंबडीचे पाय आहेत."

ही चौदांची गोष्ट त्याला कुणी विचारली नव्हती. पण एकदा खरं बोलायला तोंड उघडलं, की माणसाला थांबायचं भान राहत नाही.

राजानं त्याच्या अंगावरची दरबारच्या मानाची शाल काढून घेतली. म्हणाला, बायकांच्या पायांवर एवढा भरवसा असेल तर जा, त्यांच्यातच राहा. दुसऱ्या एका पंडितानं अर्ध्या दिवसात तोच दगड वाचला. त्याला पणजोबा निघाले, पणजीसुद्धा निघाली. पालखी त्याला मिळाली, आणि कोठार दगडाच्या खाली, नदीला लागून उभं राहिलं. सात गावांचं धान्य त्यात गेलं. बियाणंसुद्धा गेलं, कारण हुकूमच तसा होता. या गावातल्या बायकांनी मात्र दाराशी टांगलेली आपली लग्नातली पिशवी तेवढी दिली नाही. दर साली त्यात नवं बी भरायचं आणि जुनं पेरायचं, ही त्यांची रीत. शिपाई मागायला आले तर म्हातारी म्हणाली, "घेऊन जा. पण आधी अंगठा लाव आणि पळून दाखव." शिपाई हसून निघून गेले.

शास्त्री गावात राहिला. पोरांना बाराखडी शिकवायचा, म्हातारीच्या शिव्या खायचा. एक साल गेलं, दोन गेली. नदी आपली गाईसारखीच.

तिसऱ्या साली, एका दुपारी, लख्ख ऊन पडलेलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. बायका कौलांवर सांडगे वाळत घालत होत्या. आणि नदी लाल झाली. वर कुठंतरी, चार दिवसांच्या वाटेवर, डोंगर खचून पाणी अडलं होतं म्हणे, ते सुटलं. पण ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पाणी काहीएक आवाज न करता वर येतंय. वीस पावलं. दहा पावलं. कोठाराच्या दारातून आत. मग दगडाच्या बुंध्याशी. मग रेघ ओली झाली.

म्हातारी अंगणात उभी होती. तिनं त्या रेघेवर जन्मभर पाणी ओतलं होतं. नदीला ते काम करताना तिनं पहिल्यांदा बघितलं. आणि ती ओरडली, तेच सात शब्द.

कुणी काही विचारलं नाही. कुणी काय, कुठं, कसं म्हटलं नाही. चुलीतला विस्तव मडक्यात, दाराची पिशवी खांद्यावर, वासराचं दावं हातात, म्हातारी माणसं पाठुंगळीला. सगळं गाव चालायला लागलं. ज्या ज्या पोरीला लग्नात परत पाठवलं होतं, तिच्या हातून आज चूक झाली नाही. कोठारावरचे शिपाई वेड्यासारखे कुलुपं शोधत होते. शास्त्र्यानं त्यांना बखोटीला धरून वर ढकललं.

आणि मग तो स्वतः घरात शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या छातीशी पोथ्यांचं गाठोडं होतं. तीस वर्षांचं. चौदा खोटे होते, पण तीन तर खरे होते.

वाटेवर म्हातारी उभी होती. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. तिनं गाठोड्याकडं बघितलं आणि दोन दात दाखवून हसली.

"परत या शास्त्रीबुवा. पहिल्यापासून."

शास्त्र्यानं गाठोडं पाण्यावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं. म्हातारीच्या हातातलं निखाऱ्यांचं मडकं घेतलं, तिला पाठीवर घेतलं आणि टेकडी चढला. मागं वळून बघितलं नाही. म्हातारी पाठीवरून सांगत होती, हळू चढा, नवरी आहे मी.

टेकडीवरून बघितलं तर खाली गाव नव्हतं. ऊन चमकत होतं आणि पाणी होतं, दुसरं काही नाही. सात गावांचं धान्य त्या पाण्यात गेलं. माणूस एकही गेला नाही.

दोन दिवस तिथंच काढायचे होते, म्हणून बायका म्हणाल्या, चुली मांडू. माथ्यावरच्या सपाट जागी शास्त्र्यानं पहारीनं खणायला घेतलं. वीतभर गेल्यावर माती काळी लागली. राख होती. राखेत तीन धोंडे, चुलीचे मांडतात तसे, एका अंगानं काळे पडलेले. आसपास कुणी कधी चूल मांडली नव्हती. नवरी येते, टेकते, उतरते.

त्यानं आणखी खणलं. हातभर माती, आणि पुन्हा राख. पुन्हा तीन धोंडे. त्याच्याखाली आणखी एकदा.

बायका गोळा झाल्या. सगळ्यांत खालच्या राखेत शास्त्र्यानं हात घातला. कुणीतरी इथं आलं होतं. असंच, विस्तव छातीशी धरून, पोरं खांद्यावर घेऊन. इथं बसून खाली बघितलं होतं, आणि आपलं घर दिसलं नव्हतं. मग खाली उतरून त्यांनी दगड कोरला, आणि दगडावर भरवसा ठेवला नाही, म्हणून सुनांना पळायला शिकवलं. त्या सुनांनी आपल्या सुनांना. भाषा मेली, तरी सुना पळत राहिल्या. ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, ती माणसं हजार वर्षं आपल्या हाताला धरून ओढत होती.

म्हातारीनं त्या जुन्या धोंड्यांवर नवे निखारे ठेवले. फुंकर घातली. पेटले.

पाणी ओसरल्यावर राजा आला. अनवाणी आला. ओल्या दगडापुढं उभा राहिला आणि स्वतःच्या हातानं शास्त्र्याच्या अंगावर शाल घातली. सात गावांना पेरायला बियाणं पुरलं ते त्या लग्नातल्या पिशव्यांचं. ते त्यानं डोळ्यांनी बघितलं. म्हणाला, शास्त्रीबुवा, आता याच्याशेजारी आपल्या भाषेत एक नवा दगड कोरू. सगळ्यांना कळेल असा.

"कोरा महाराज," शास्त्री म्हणाला. "पण सुनांना पळवायचं बंद करू नका. आज ना उद्या आपली अक्षरंही कोंबडीचे पायच होणार आहेत."

राजानं अनवाणी पायाचा अंगठा रेघेला लावला, आणि म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं तांब्या ओतला. राजा पळाला. पण पहिल्या खेपेला तो एका हातानं मुकुट सांभाळत पळाला.

त्यालाही परत पाठवलं.

तात्पर्य: मेलेल्या माणसाचा शब्द कळला नाही, तर कळला नाही म्हणावं, आपला अर्थ त्याच्या तोंडात कोंबू नये. आणि तो शब्द ऐकून जित्या माणसांचे पाय कुठं जातात, ते आधी बघावं.

आता तोंड वासून काय बसलात? कोंबडी झोपायची आहे अजून. निघा इथून, जा आपापल्या घरी. पळा. आणि मागं वळून बघाल तर परत बोलावेन, पहिल्यापासून.